पॉइंट दीठ किती? बडोद्यातल्या वायरिंगच्या एका कोटेशनचं परीक्षण

बडोद्यात कुठल्याही लाईटवाल्याला घर दाखवा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती पॉइंट?" आणि मालकाचाही ठरलेला: "पॉइंट दीठ किती?" मराठी घर असो की गुजराती, प्रत्येकी या अर्थाचा हा "दीठ" इथे सगळ्यांच्याच तोंडी बसला आहे. दोघं एकच शब्द वापरतात, मान डोलावतात, काम सुरू होतं. बिलाच्या दिवशी कळतं की एकाच्या डोक्यात दिवे होते आणि दुसऱ्याच्या डोक्यात स्विच.

हे परीक्षण अशा मजुरीच्या ठेक्याचं आहे. सामान मालकाचं, काम पॉइंटच्या हिशोबानं. जागा: कारेलीबागेच्या बाजूचा दोन बेडरूमचा जुना फ्लॅट, सगळं वायरिंग काढून भिंतीच्या आतून नवीन. ठेकेदार छोटा आहे, एक मिस्त्री आणि दोन पोरं. नाव देण्याची गरज नाही, कारण दोष असलेच तर ते कोटेशनच्या चालीतले आहेत आणि ही चाल सगळीकडे सारखी आहे. कोटेशन एका पानाचं: लाईट पॉइंट, पंखा पॉइंट, प्लग पॉइंट, पॉवर पॉइंट, एसी पॉइंट, टू-वे, बेल. सात ओळी, सात दर. पॉइंट म्हणजे काय, हे कुठेही नाही.

हातकामाला पैकीच्या पैकी नाही, पण भरपूर गुण द्यावे लागतील. शब्दकामाला नापास.

आधी हॉल मोजून बघू. हॉलमध्ये दोन ट्यूबलाईट, एक पंखा, एकाच स्विचवर चालणारे छतातले चार स्पॉट, मुख्य बोर्डावर सहा अँपिअरचे दोन सॉकेट, टीव्हीच्या भिंतीवर आणखी दोन, एक एसी आणि एक बेल. आता हेच तीन तऱ्हांनी मोजता येतं. एका स्विचला एक पॉइंट धरला तर चार स्पॉट मिळून एकच होतात आणि एकूण भरतात १०. प्रत्येक दिवा, पंखा, सॉकेट हे टोक मोजलं तर १३. आणि बोर्डावर दिसणारं प्रत्येक मॉड्यूल मोजलं, म्हणजे स्विच वेगळा, सॉकेट वेगळा, पंख्याचा रेग्युलेटर वेगळा, तर १६. हॉल तोच, भिंती त्याच, वायरही तेवढीच.

समजा एकानं २०० रुपये पॉइंट सांगितला आणि तो स्विच मोजतो; हॉलचे झाले २,०००. दुसऱ्यानं १५० सांगितला आणि तो मॉड्यूल मोजतो, झाले २,४००. स्वस्त म्हणून घेतलेला दुसरा माणूस ४०० रुपयांनी महाग पडला. पहिल्यानं २३० सांगितले असते तरी तो १०० रुपयांनी स्वस्तच होता. म्हणून पाच लाईटवाल्यांचे नुसते दर एकाखाली एक लिहून त्यांची तुलना करणं म्हणजे एकाचा दर शेराचा आणि दुसऱ्याचा किलोचा असताना भाव पडताळणं. या कोटेशनातला मिस्त्री टोक मोजणारा निघाला, पण फक्त स्पॉटच्या बाबतीत. सॉकेटला तो मॉड्यूलवर गेला. लबाडी म्हणावी असं काही नव्हतं. त्याच्या उस्तादानं त्याला तसंच शिकवलेलं.

इंग्रजीत हा शब्द मुळातच असा पसरट आहे. लॅटिनमधल्या टोचणे या धातूपासून तो आला, आणि पंक्चर हा शब्दही त्याच धातूचा. म्हणजे भिंतीतला पॉइंट आणि टायरमधलं पंक्चर हे चुलत भाऊ. टोचल्यावर उमटतो तो ठिपका, टोचतं ते टोक, आणि ठिपक्याएवढी जागा म्हणजे ठिकाण. बाकीचे अर्थ या तिघांतून निघाले. मराठीत आपण त्या एका शब्दासाठी बिंदू, टोक, मुद्दा, गुण, ठिकाण असे पाच वेगळे शब्द काढून ठेवले आहेत, आणि तरी रोजच्या बोलण्यात पॉइंटच म्हणतो. ताप एकशे एक पॉइंट चार असतो. निर्देशांक दोनशे पॉइंटांनी पडतो. सराफाकडे दहा पॉइंटचा हिरा म्हणजे एका कॅरटचा दहावा हिस्सा, वजनाला २० मिलिग्रॅम. छापखान्यात अक्षराची उंची पॉइंटात मोजतात आणि संगणकावर ७२ पॉइंटांचा एक इंच होतो. बंदोबस्तावरचा पोलीस पॉइंटवर उभा असतो, ऑफला फलंदाजाच्या समोरचा क्षेत्ररक्षकही पॉइंटलाच उभा असतो, आणि नाक्यावरच्या सँडविचवाल्याची पाटीही पॉइंटची. जुन्या स्कूटरचा मेकॅनिक पॉलिशपेपर घेऊन पॉइंट घासतो, तो वेगळाच: इग्निशनचे जुळणारे-सुटणारे दोन संपर्क.

यातला सगळ्यात बोलका अर्थ रेल्वेचा. रुळांची दिशा बदलणाऱ्या ज्या सांध्याला इंग्रज पॉइंट्स म्हणतात, त्यालाच अमेरिकन स्विच म्हणतात. आपल्याकडे त्याला काटा म्हणतात आणि तो सांभाळणाऱ्याला पॉइंट्समन. पॉइंट म्हणजे स्विच की स्विचच्या पलीकडचं टोक, हा कारेलीबागेतला वाद दोन देशांनी आधीच घालून ठेवलाय.

बडोदे संस्थानानं सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू नावाचा मोठा कोश छापला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना मराठी-गुजरातीसकट अनेक भाषांतले प्रतिशब्द त्यात दिले आहेत. कचेरीचा कारभार अशा कोशावर चालू शकतो. मिस्त्रीचा कारभार मिस्त्रीच्या शब्दांवर चालतो, म्हणून शब्द बदलायच्या भानगडीत न पडता त्याचा अर्थ कागदावर बांधून घेणं एवढंच हातात उरतं.

सरकारी कामांत तो बांधलेला आहे. केंद्रीय बांधकाम खात्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये पॉइंट वायरिंग म्हणजे नियंत्रण करणाऱ्या स्विचपासून टोकापर्यंतचं सगळं काम, आणि ते नगावर मोजायचं. डीबीपासून, म्हणजे घराच्या मुख्य वितरण पेटीपासून, स्विचबोर्डापर्यंतची सर्किट वायरिंग मात्र वेगळी, मीटरवर मोजायची. खाजगी कोटेशनात नेमका हाच दुसरा भाग हरवतो. कुणी तो पॉइंटच्या दरात गिळतो, कुणी शेवटी "मेन लाईनचे वेगळे" म्हणून काढतो. या कोटेशनात तो नव्हताच, आणि बिलात आला.

मोजणी चुकली की फक्त पैशांचा घोळ होतो असं नाही. लाईट-पंख्याच्या एका सर्किटवर दिवे, पंखे आणि सहा अँपिअरचे सॉकेट मिळून दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत आणि भार ८०० वॉटच्या आत हवा, हा वायरिंगच्या कोडमधला जुना दंडक. तिथे पॉइंट म्हणजे टोक. हॉलमध्ये एसी सोडून टोकं होतात १२. मिस्त्रीनं सर्किट पाडताना स्विच मोजले, ९ भरले, आणि सगळा हॉल दहा अँपिअरच्या एका एमसीबीवर (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) टाकला. एलईडीच्या जमान्यात यातून आग लागणार नाही. दोन ट्यूब, पंखा आणि चार स्पॉट मिळून दोनशे वॉटही होत नाहीत. अडचण वेगळी आहे. टीव्हीच्या मागच्या सॉकेटात दोष आला की हॉल अख्खा अंधारात, आणि दोष शोधायला टॉर्च धरून बसायचं. टीव्हीची भिंत वेगळ्या सर्किटवर टाकायला सांगितली तेव्हा त्यानं खळखळ न करता टाकली. डीबीत एक एमसीबी वाढला, वायर साधारण आठ मीटर प्रत्येकी.

स्पॉटच्या मोजणीत मिस्त्रीवर अन्यायही होऊ नये. चार स्पॉटना एक पॉइंट देणं त्याच्यावर जुलूम, कारण चार ठिकाणी छत कापायचं, चार जोडण्या करायच्या, अर्थिंगची वायर चारही ठिकाणी न्यायची. चार पूर्ण पॉइंट देणं मालकावर जुलूम, कारण दुसऱ्या स्पॉटपासून पुढे चर नाही, बोर्ड नाही, फक्त एका स्पॉटवरून दुसऱ्यावर वायर उडी मारते. "ए तो लूप छे," मिस्त्री स्वतःच म्हणाला. लूपला अर्धा पॉइंट हा दोघांना पटणारा हिशोब. पहिला एक, पुढचे तीन अर्धे, एकूण अडीच.

अर्ध्या पॉइंटचा दुसरा मुक्काम बोर्डावर. बोर्डात आधीच फेज (वीज आणणारी वायर), न्यूट्रल (परत नेणारी) आणि अर्थ (अर्थिंगची) आलेले असतात. त्याच बोर्डावर सॉकेट आणि त्याचा स्विच बसवायला वीतभर वायरचे तीन तुकडे लागतात. हे काम पाच-दहा मिनिटांचं. तोच सॉकेट पलंगाच्या उशाशी हवा असेल तर भिंत फोडून, पाइप टाकून, नवा बॉक्स बसवून अर्धा दिवस जातो. कोटेशनात दोन्हींना "प्लग पॉइंट" म्हटलंय आणि दर एकच. घरात बोर्डावरचे सॉकेट जास्त असतील तर हा दर मालकाला खातो, लांबचे जास्त असतील तर मिस्त्रीला. मिस्त्रीला तोटा जाणवू लागला की तो लांबचे सॉकेट टाळायला सुचवतो: "काकू, एक्स्टेंशन घ्या ना." असं ऐकू आलं की समजायचं, दराची ओळ चुकली आहे.

आता टू-वे. दारापाशी एक स्विच, उशाशी एक, दिवा एक. पॉइंट किती? टोक मोजलं तर एक, पण दोन स्विचांमध्ये दोन वायर जास्तीच्या धावतात आणि दुसऱ्या बोर्डापर्यंत वेगळा चर लागतो. केंद्रीय बांधकाम खात्याच्या पद्धतीत दोन टू-वे स्विचांवरचा दिवा दोन पॉइंट धरतात, आणि तेच रास्त आहे. या कोटेशनात टू-वेला स्वतंत्र ओळ आणि दर आहे, ही चांगली गोष्ट. काम मात्र इथेच घसरलं.

दाराचा बोर्ड एका सर्किटवर, उशाचा दुसऱ्या. मिस्त्रीच्या पोरानं फेज दाराच्या बोर्डातून घेतली आणि दिव्याचा न्यूट्रल जवळ पडतो म्हणून उशाच्या बोर्डातून. दिवा लागला, दोन्हीकडून बंद-चालू झाला, पोरगा खूश. याला उधारीचा न्यूट्रल म्हणावं. आरसीसीबी करते काय, तर तिच्यातून गेलेला फेजचा प्रवाह आणि परत आलेला न्यूट्रलचा प्रवाह यांची बरोबरी करून बघते. फरक ३० मिलिअँपिअरच्या आसपास गेला की तोडते. ही दोन सर्किटं दोन वेगळ्या आरसीसीबींवर असतील तर प्रवाह एकीतून जातो आणि दुसरीतून परततो. दोघींना तो गळती वाटणार. दिवा लावला की एक तरी किंवा दोन्ही पडणार, आणि मालक दोष देणार आरसीसीबीला. अशा वेळी "ही कंपनी बोगस आहे, काढून टाका" असं सांगणारे लाईटवाले असतात आणि काढून टाकतातही. मग घरात शॉकपासून वाचवणारी एकमेव वस्तू भंगारात. एकच आरसीसीबी असलेल्या घरात ही चूक लपून राहते. ती वेगळ्या तऱ्हेनं चावते. उशाच्या बोर्डाचा एमसीबी पाडून कुणी काम करायला बसलं तरी उशाच्या न्यूट्रलमधून चालू दिव्याचा प्रवाह वाहतच असतो, आणि तो न्यूट्रल उघडला की हात झटकला जातो. मिस्त्रीनं दोष ऐकल्यावर दहा मिनिटांत ओळखला आणि दुपारभरात सुधारला. पोराला ओरडला नाही, शेजारी बसवून दाखवलं. याचे गुण वेगळे.

पॉवर पॉइंट या शब्दाची गंमत अशी की शाळेतल्या मुलाला तो पडद्यावरच्या स्लाइडचा वाटतो, इंग्लंड-ऑस्ट्रेलियात भिंतीतला कुठलाही सॉकेट पॉवर पॉइंट असतो, आणि आपल्याकडे फक्त सोळा अँपिअरचा, जाड पिनांचा. जुनी माणसं अजून त्याला पंधराचा म्हणतात. इथे कोडचा नियम सोपा आहे: एका पॉवर सर्किटवर जास्तीत जास्त दोन. मिस्त्रीनं स्वयंपाकघरात तीन ठेवले, २.५ चौरस मिमीच्या एकाच वायरवर, २० अँपिअरच्या एमसीबीमागे. इंडक्शन २,००० वॉट, म्हणजे ८.७ अँपिअर. मायक्रोवेव्ह साधारण ६. किटली १,५०० वॉट, ६.५. तिन्ही सकाळी साडेसातला एकदम चालू, म्हणजे २१ च्या वर. एमसीबी पडेल असं वाटतं, पण नाही. आपल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहाला तासभर न पडणं हा एमसीबीच्या मानकाचाच भाग आहे, आणि २० च्या १.१३ पट म्हणजे २२.६. एमसीबी निवांत, प्लास्टरमध्ये गाडलेली वायर मात्र रोज थोडी थोडी तापते, पीव्हीसी कडक होतं, आणि काही वर्षांनी सॉकेटमागचं टोक तपकिरी होतं. इथे सर्किट फोडून दोन केले आणि गीझरला ४ चौरस मिमीची स्वतंत्र वायर दिली.

पॉवर आणि एसीच्या ओळींना पॉइंट म्हणणंच चुकीचं, असं मत पडतं. त्यांची वायर डीबीपासून थेट येते. डीबी दारात आणि गीझर मागच्या बाथरूममध्ये असेल तर १४-१५ मीटर. शेजारच्या भिंतीवर एसी असेल तर तीन मीटर. दोन्हीला एकच दर म्हणजे रिक्षावाल्यानं जवळच्या मांडवीला आणि लांबच्या मकरपुऱ्याला एकच भाडं सांगितल्यासारखं. मीटरनं मोजा, टोकाला सॉकेट बसवायचा ठरावीक आकडा द्या, भांडण संपतं.

सामान मालकाचं होतं, त्यामुळे वायरच्या जाडीत चोरी होण्याचा प्रश्न नव्हता. सामानासकट पॉइंटचा दर घेतला तर हाच मुख्य प्रश्न असतो, म्हणून थोडं थांबून. कोटेशनात १.५ लिहायचं आणि भिंतीत १ ची घालायची, ही सगळ्यात सोपी चोरी; बाहेरून प्लास्टिकची जाडी सारखीच दिसते. टोक सोलून तारा मोजाव्यात. ०.३ मिमीच्या तारांची घरगुती लवचीक वायर असेल तर १ चौरस मिमीला १४ तारा, १.५ ला २२, २.५ ला ३६, ४ ला ५६. तारा मोजून कमी भरल्या तर पुढे बोलायची गरज नाही. बरोबर भरल्या पण तार बारीक असेल तर मल्टिमीटर लागेल: १.५ ची ९० मीटरची पूर्ण कॉइल टोकापासून टोकापर्यंत साधारण १.२ ओहम दाखवते. दीड-पावणेदोन दाखवली तर तांबं कमी आहे किंवा लांबी जास्त आहे, आणि लांबी जास्त देणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय. वायरवर आयएस ६९४ या भारतीय मानकाचा शिक्का आणि लायसन्स नंबर बघणं हे याच्या आधीचं. बडोद्याच्या मकरपुऱ्यातच एर्डा ही विजेच्या सामानाची तपासणी करणारी संस्था आहे. घरगुती कामासाठी कुणी तिथे तुकडा घेऊन जाणार नाही, पण मोठ्या सोसायटीनं शंभर कॉइल घेताना जायला हरकत नाही.

किती वायर लागेल याचाही एक ढोबळ हिशोब मांडता येतो. खोली दहा बाय बारा, छत दहा फुटांवर, बोर्ड चार फुटांवर. बोर्डापासून वर सहा फूट, छतात मधोमध सहा फूट, एकूण बारा फूट, म्हणजे ३.७ मीटर. दोन्ही टोकांना वीत-वीतभर शेपूट सोडायचं, म्हणजे चार मीटर लाल, चार काळी, चार हिरवी. ९० मीटरच्या लाल कॉइलमध्ये असे २२ पॉइंट निघतात. मिस्त्रीनं तिसरी लाल कॉइल मागितली तेव्हा या हिशोबानं ती योग्य होती. शेपूट मात्र तो बोटभर सोडतो. पुढे स्विच बदलताना वायर बॉक्सच्या बाहेर येत नाही आणि नवा लाईटवाला शिव्या घालतो.

हातकामाबद्दल चांगलं बोलायचं ते हे. चर सगळे उभे, आडवा एकही नाही. आडव्या चरानं विटांची भिंत कमरेत कापली जाते. पाइप २० आणि २५ मिमीचे, वळणं स्प्रिंग घालून वाकवलेली, त्यामुळे वायर ओढताना अडकली नाही आणि सोलली नाही. २० च्या पाइपात पाचपेक्षा जास्त वायर कुठे दिसल्या नाहीत. बॉक्स लेव्हल लावून बसवलेले, प्लास्टरच्या तोंडाशी बरोबर; आत गेले तर प्लेट डुलते, बाहेर आले तर भिंतीला फट दिसते. सॉकेट समोरून बघताना अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, हे प्रत्येक ठिकाणी तपासलं आणि एकही उलटा सापडला नाही. स्विच सगळीकडे फेजवरच. हे लिहावं लागतं यातच काय ते आलं.

दांडिया बाजारातल्या किंवा एखाद्या जुन्या पोळीतल्या (दाट गल्लीवस्तीतल्या) लाकडी सांगाड्याच्या, विटा-मातीच्या घरात मात्र याच मिस्त्रीला भिंतीच्या आतलं काम देऊ नये, कुणालाच देऊ नये. तिथे चर मारला की भिंत ढासळते आणि खांबाला चर मारला तर त्याहून वाईट. केसिंग पट्टी किंवा बाहेरून पाइप, आणि लाकडाला टेकणारी प्रत्येक जोडणी बंद बॉक्समध्ये. तिथे पॉइंटचा दर कमी पडायला हवा, कारण फोडणं-बुजवणं नाही. पण शिडीवरचा वेळ जास्त, म्हणून फारसा पडत नाही.

चाचणीला आल्यावर पुन्हा पॉइंट. वायरिंगच्या इन्शुलेशनचा रोध ५०० व्होल्टच्या मेगरनं मोजतात, आणि पिढ्यान् पिढ्या शिकवलेला नियम असा: ५० ला पॉइंटांच्या संख्येनं भागा, येईल तेवढे मेगाओहम किमान हवेत, अख्ख्या घराला मात्र एकपेक्षा जास्त मागायचे नाहीत. दहा पॉइंटांच्या सर्किटला ५ मेगाओहम, पंचवीसच्या सर्किटला २. म्हणजे पॉइंट फुगवून मोजले की बिल वाढतं आणि परीक्षा सोपी होते. एकाच लबाडीत दोन फायदे. नवीन वायरिंग नीट असेल तर मेगर शंभराच्या वर जातो, त्यामुळे हा नियम रोज कामी येत नाही. ओली भिंत असताना मोजलं तर येतो. प्लास्टर ओलं असताना आकडा कमी दिसला म्हणून वायर उपसू नये. पंधरा दिवसांनी परत मोजावं. या मिस्त्रीकडे मेगर नाही. टेस्टर आणि दिवा लावून बघणं हीच त्याची चाचणी, आणि दिवा तर उधारीच्या न्यूट्रलवरही लागतो. मेगर भाड्यानं आणून घ्यावा लागला. त्याचे पैसे कुणी द्यायचे, हेही कोटेशनात असावं. नवीन मीटर किंवा वाढीव लोड हवा असेल तर लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो. मजुरीच्या ठेक्यात तो धरलेला नसतो, आधी विचारा.

पुढच्या कोटेशनच्या डोक्यावर हा परिच्छेद लिहून घ्यावा आणि दोघांनी सही करावी. पॉइंट म्हणजे बोर्डातल्या स्विचपासून दिवा, पंखा किंवा सहाच्या सॉकेटच्या टोकापर्यंतचं काम: चर, पाइप, बॉक्स, तिन्ही वायर, जोडणी आणि चर बुजवणं. मोजणी टोकाची. एका स्विचवरचं पहिलं टोक पूर्ण, पुढचं प्रत्येक अर्धं. असलेल्या बोर्डावरचा सॉकेट अर्धा. टू-वे दोन. डीबी ते बोर्ड, आणि पॉवर-एसीची वायर, मीटरनं. पंखा टांगणं, झुंबर लावणं नगानं, वेगळं. रेग्युलेटर मोजायचा नाही.

याप्रमाणे आपला हॉल: ट्यूब २, पंखा १, स्पॉट अडीच, बोर्डावरचे दोन सॉकेट मिळून १, टीव्हीच्या भिंतीवर नव्या बॉक्समधला पहिला पूर्ण आणि दुसरा अर्धा म्हणजे दीड, बेल १. एकूण ९, आणि एसी मीटरवर. दर थोडा जास्त द्यावा लागेल. हे कळल्यावर मिस्त्रीनंही दर वाढवूनच सांगितला, आणि तो मान्य करण्यासारखा होता. मोजणी चर बुजवायच्या आधी करावी, खडूनं प्रत्येक बॉक्सशेजारी आकडा लिहून, आणि टेप लावून फोटो काढावेत. प्लास्टरनंतर भिंत कुणाच्याच बाजूनं साक्ष देत नाही.

राहिली बेल. या घरात बेल एक, पण बटणं दोन, एक मुख्य दारावर आणि एक मागच्या गॅलरीच्या दारावर. मिस्त्रीनं तीन पॉइंट लावले: बेल एक, बटणं दोन. टोकाच्या हिशोबानं बेल एकच, पण मागच्या बटणासाठी वेगळा चर आणि सात मीटर वायर गेली होती, तेव्हा टू-वेसारखे दोन. दोनवर मिटलं. बिलात त्या ओळीसमोर त्यानं पेनानं स्वतःच लिहिलं: टोक १, बटण २, पॉइंट २.